मामांचं हृदय थांबलं त्या सकाळपासून

2 फेब्रुवारी 2025, रविवार. त्या सकाळी सांगलीत आमच्या घरी मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हृदय बंद पडलं. वय 67, साखर कारखान्यातून निवृत्त, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. आज ते घरी आहेत, स्वतःच्या हातानं जेवतात, पेपर वाचतात आणि कामवाल्या मावशींशी राजकारणावर वाद घालतात. मधल्या महिन्यांत मला बरंच कळलं. ते ज्याच्यावर अशी वेळ येईल त्याला आधीच ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवते.

सुरुवात करायची तर ऑक्टोबर 2023 पासून करावी लागेल. आमच्या शाळेत भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी शिक्षकांसाठी शिबिर घेतलं होतं. दोनेक तासांचं, फुकट. त्यांनी शिकवली ती पद्धत ‘कॉल्स’, म्हणजे तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबायची. भारतात सामान्य माणसासाठी ती इंडियन रिससिटेशन कौन्सिलने ठरवून दिली आहे. माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, की आधी 108 ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात. नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या माणसाला ती सापडत नाही, किंवा स्वतःचीच बोटात लागते. शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकीला बाहुलीवर पूर्ण दोन मिनिटं दाबायला लावलं. त्या दोन मिनिटांत घाम फुटतो. ‘हापसा मारताना दांडा पूर्ण वर येऊ देता ना, तशी छातीही पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर आत रक्त भरणार कुठून?’ हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं.

त्या रविवारी पावणेसातच्या सुमारास मामा हॉलमधल्या दिवाणावर चहा घेत बसले होते. आदल्या रात्री त्यांना जळजळत होतं, पित्ताची गोळी घेऊन ते झोपले होते. मधुमेह असलेल्यांना अटॅकमध्ये छातीत ठळक दुखेलच असं नाही. जळजळ, घाम, जबडा दुखणं, नुसता थकवा एवढंही असू शकतं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर अशा रात्री ईसीजी काढून घ्या. साधा ईसीजी दोन-चारशे रुपयांत होतो.

मी स्वयंपाकघरात होते. कप पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, हाक. मामा दिवाणावर कलंडले होते, हातपाय झटकत होते. काही सेकंदांत झटके थांबले आणि घशातून घोरल्यासारखा आवाज यायला लागला. मध्येच तोंड उघडायचं, एक आचका, मग काहीच नाही.

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत इथेच वेळ जातो. हृदय थांबल्यावर सुरुवातीला फिटसारखे झटके येऊ शकतात. आचके म्हणजे श्वास नव्हे. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की शरीर काही मिनिटं असे आचके देतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, ‘श्वास चाललाय की!’ आत्या कांदा फोडायला धावल्या, शेजारच्या काकू पाणी घेऊन आल्या, कुणीतरी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा म्हणालं. सगळी माणसं मायेचीच, पण यातलं काहीही बेशुद्ध माणसाच्या तोंडात किंवा नाकाशी न्यायचं नाही. पाणी श्वासनलिकेत जातं. सॉर्बिट्रेटने रक्तदाब आणखी खाली येतो, आणि थांबलेल्या हृदयाला तिचा काहीच उपयोग नसतो.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यातला फरकही मला तेव्हा नेमका ठाऊक असल्याचा उपयोग झाला. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. माणूस सहसा शुद्धीवर असतो, बोलतो, त्याला बसवून दवाखान्यात न्यायचं असतं. हृदय बंद पडलं की ते रक्त ढकलेनासं होतं, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, आणि तिथल्या तिथे छाती दाबणं हाच उपाय. अटॅकमधून बंद पडण्यापर्यंत जाऊ शकतं. मामांचं तेच झालं होतं.

मी हाक मारली, खांदे जोरात हलवले. काही नाही. नवऱ्याला म्हटलं, ‘यांना खाली घ्या.’ दिवाणावर गादी होती, आणि गादीवर दाबलं तर गादीच दबते, छाती नाही. फरशीवर उताणं झोपवलं. मुलगा नववीत आहे; त्याला नाव घेऊन सांगितलं की 108 लाव आणि स्पीकरवर ठेव. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात, म्हणून ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्यावं. फोनच्या नोंदीत वेळ आहे 6.52.

108 चा फोन पुण्याच्या केंद्रात लागतो. आधी जिल्हा, मग तालुका, गाव, रस्ता आणि जवळची खूण, या क्रमाने सांगितलं की पटकन होतं. आमच्या लेकानं ‘विश्रामबाग’पासून सुरुवात केली होती, पलीकडच्या ताईंनी शांतपणे जिल्ह्यापासून विचारून घेतलं. आता आमच्या फ्रीजवर पूर्ण पत्ता त्याच क्रमाने लिहून चिकटवला आहे. घाबरल्यावर स्वतःच्या घराचा पत्ता सांगतानाही जीभ अडखळते.

मी गुडघ्यांवर बसले. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्यावर, कोपरं सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मोठ्याने एक ते तीस मोजायचं, परत एकपासून. पहिल्या काही दाबांतच हाताखाली कट्कन आवाज आला. बरगडी. शिबिरात हे सांगितलं होतं म्हणून मी थांबले नाही. त्या आवाजाने पुष्कळ लोक हात काढून घेतात. बरगडी पुढे महिना-दीड महिन्यात भरून येते, तेव्हा दाबत राहायचं.

दीड मिनिटात माझे खांदे भरून आले. दाब कमी पडतोय हे आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. नवऱ्याने शिबिर केलेलं नव्हतं. माझे हात बघत तो समोर बसला आणि मी ‘आता’ म्हटल्यावर त्याने सुरू केलं. त्याचे दाब उथळ पडत होते. ‘अजून खोल, अजून,’ एवढंच मी म्हणत होते. तिसरा माणूस मिळाला वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. तिघं आळीपाळीने. शेजारच्या काकांनी जिन्यापाशी आडवी लावलेली मोटारसायकल काढली, फाटक सताड उघडलं आणि काकू मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या, गाडीला हात करायला. आत्यांना मी मामांच्या गोळ्यांची पिशवी, आधारकार्ड आणि रेशनकार्ड काढायला सांगितलं. त्यांच्या हाताला काम हवं होतं, आणि ती पिशवी पुढे तासाभरात खरंच लागली.

कितीही वाचलं तरी त्या मिनिटांत मनात काय चालतं ते सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती, पण भीती आकड्यांच्या मागे होती. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मामांच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं. ओठ काळेनिळे झाले होते. दाबताना ते किंचित बरे दिसायचे, हात बदलताना पुन्हा गडद.

7.08 ला गाडी फाटकात होती. सोळा मिनिटं. आमच्याकडे व्हेंटिलेटर आणि शॉकचं यंत्र असलेली मोठी गाडी आली. महाराष्ट्रात 108 सेवा 2014 पासून आहे. काही गाड्या अशा, काही प्राथमिक सोयींच्या. गाडीत डॉक्टर असतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत, कुणी मागत नाही. डॉक्टर आत आले तेव्हा नवरा दाबत होता. ‘थांबू नका,’ एवढंच म्हणत त्यांनी पॅड चिकटवले. यंत्राने ठोका तपासला, ‘सगळे दूर व्हा’ म्हणाले, शॉक. लगेच पुन्हा छाती दाबणं, दोन मिनिटं. पुन्हा तपासणी, दुसरा शॉक. त्यानंतर डॉक्टरांचं बोट मानेवर गेलं आणि ते म्हणाले, ‘नाडी आहे.’

शॉकने थांबलेलं हृदय ‘चालू’ होतं असं सिनेमात दाखवतात. तसं नसतं. हृदयात विजेचा गोंधळ माजून ते नुसतं थरथरत असतं, तो गोंधळ शॉकने थांबतो आणि मग ते आपल्या ठेक्यावर यायची संधी मिळते. काहीच न करता जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. यंत्र येईपर्यंत मेंदूला थोडं तरी रक्त पोचत राहावं, एवढ्यासाठी आपले हात.

गाडीतल्या डॉक्टरांनी कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडायची सोय, असलेल्या मिरजेच्या एका रुग्णालयाला फोन करून ठेवला. वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव; दहा-बारा किलोमीटरवर ही सोय आहे, हे आमचं नशीब. गाडीसोबत नवरा गेला, मी आणि मुलगा मागून रिक्षाने.

तिथे पहिल्या दहा मिनिटांत विचारलेले प्रश्न सांगते: किती वाजता कोसळले, छाती दाबायला किती वाजता सुरुवात झाली, मध्ये खंड पडला का, नाडी किती वाजता आली, कोणती औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी. वेळा फोनमध्ये होत्या, औषधं पिशवीत. ईसीजीत मोठा अटॅक दिसला. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी शंभर टक्के बंद. संमतीपत्रावर नवऱ्याने सही केली. त्यात मृत्यूची शक्यता ठळक लिहिलेली असते, ते वाचून पाय लटपटतात. साडेनऊच्या आसपास एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला.

मग पैसे. काउंटरवर आधी 50,000 अनामत मागितली. आमच्याकडे तेव्हा 20,000 होते, तेवढे भरले आणि विचारलं, महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो? हा प्रश्न तुम्ही स्वतःच विचारायचा, आणि पहिल्या तासात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मागता येते, कागद मागाहून. टोल फ्री क्रमांक 155388 आणि 1800 233 2200. रेशनकार्ड आणि ओळखीचा पुरावा लागतो. आमचं रेशनकार्ड केशरी, तासगाव तालुक्यातल्या गावचं. त्यावर मामांचं नाव ‘पांडू’, आधारवर ‘पांडुरंग’. एवढ्यावर अडलं. आरोग्यमित्राने वेगळा अर्ज लिहून घेतला, सोबत पॅनकार्ड आणि कारखान्याचं जुनं ओळखपत्र जोडलं. सोमवारी दिवसभर नवरा त्याच कामात. मंगळवारी दुपारी मंजुरी आली आणि अनामत परत मिळाली. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं आजच शेजारी ठेवून बघा. सवडीने दुरुस्ती सोपी असते.

योजनेत बसत नसाल तर स्टेंटची किंमत बिलात वेगळी मागा आणि त्याचं स्टिकर जपून ठेवा. 2017 पासून स्टेंटवर सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे. आमचं योजनेबाहेरचं जे झालं, म्हणजे काही औषधं, राहणाऱ्यांचं खाणं, लॉजची खोली, परतीची गाडी, ते सगळं मिळून तीस हजारांच्या घरात गेलं.

आयसीयूबाहेरचे ते दिवस सगळ्यात जड होते. हृदय चालू झालं, रक्तवाहिनी उघडली, आता मेंदूचं काय? रोज विचारलं की डॉक्टर म्हणायचे, 72 तासांच्या आत काहीच सांगता येत नाही. तो टाळण्याचा सूर नव्हता. भुलीची औषधं उतरल्याशिवाय आणि पुरेसा वेळ गेल्याशिवाय केलेला अंदाज चुकतो, हे त्यांनी नीट बसून समजावलं. मामा व्हेंटिलेटरवर, ताप चढू नये म्हणून अंग गार ठेवलेलं. आत्या जपाची माळ घेऊन बाकावर.

रात्री झोप येत नसे, तेव्हा मी फोनवर या विषयाचं वाचत बसायचे. 1960 साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांच्यासोबत हे तंत्र मांडलं. कुत्र्यांवर शॉकचे प्रयोग करताना छातीवर जड पॅडल नुसते दाबले तरी रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. कुणीही, कुठेही हे करू शकतं, फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी लिहिलं. मला ते वाचून भरून आलं, आणि एक गोष्ट जोडावीशीही वाटली. घरात दोन हात पुरत नाहीत. आमच्याकडे दाबायला तिघं होते, फोनवर एक, फाटकाशी एक, कोपऱ्यावर एक, कागद काढायला एक. मी एकटीच शिकलेली होते आणि घरी त्या वेळी एकटी असते, तर सोळा मिनिटं मला निभावली नसती. म्हणून माझं आता सगळ्यांना एकच सांगणं असतं, की घरातल्या एकाने शिकून भागत नाही.

मंगळवारी संध्याकाळी मामांनी डोळे उघडले. बुधवारी नळी काढली. आवाज घोगरा. पहिलं वाक्य, ‘कारखान्यातून कोण आलंय?’ उत्तर दिलं, दहा मिनिटांनी तोच प्रश्न. दिवसभर. आम्ही हादरलो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडून वाचलेल्यांमध्ये ताजी आठवण काही काळ टिकत नाही, बऱ्याच जणांची सुधारते. मामांना तो रविवार आजही आठवत नाही. बाकी स्मरण दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ परत आलं. खोकताना बरगड्या कळ मारत, त्यासाठी छातीला उशी घट्ट धरून खोकायला शिकवलं.

11 फेब्रुवारीला घरी आणलं. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं स्टिकर आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि सगळ्यांचे फोटो फोनमध्ये. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या निदान वर्षभर, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद नाही. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही. इकोत हृदयाची पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 38 टक्के. आम्ही विचारलं, पुन्हा असं झालं तर? छातीत बसवायचं शॉकचं यंत्र, आयसीडी, लागेल का? अटॅकच्या पहिल्या 48 तासांत हृदय बंद पडलं असेल तर ते लगेच बसवत नाहीत. औषधं देऊन वाट बघतात आणि पंपिंग 35 टक्के किंवा त्याखाली राहिली तर विचार करतात. आम्हाला तीन महिने थांबायला सांगितलं. ते तीन महिने घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी आत्या दचकायच्या. मे महिन्याच्या इकोत 46 टक्के आले.

छाती दाबणाऱ्याचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी बोलत नाही. मनगटं आठवडाभर दुखत होती, ते सोडा. बरगडीचा तो आवाज मला रात्री ऐकू यायचा. वर्गात शिकवताना कप पडला तरी काळजात धस्स. शेवटी एका भेटीत मी हृदयाच्या डॉक्टरांना म्हटलं, मला त्या सोळा मिनिटांबद्दल विचारायचंय. त्यांनी गाडीतल्या यंत्राची पट्टी काढून दाखवली, कुठे शॉक, कुठे ठेका परत आला, आणि आमच्या दाबण्याने काय साधलं ते सांगितलं. त्यानंतर झोप लागायला लागली. तुम्ही हे केलं असेल, माणूस वाचला असो वा नसो, कुणाशी तरी असं बोला. नवऱ्यालाही मी घेऊन गेले होते. त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज होती.

‘उद्या काही झालं तर पोलीस आपल्याला धरतील’ ही भीती पुष्कळांना असते. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चं संरक्षण आहे. घरात किंवा रस्त्यात कुणाचं हृदय बंद पडलं, तर संमती घेणं शक्य नसताना सद्भावनेने, त्याच्या भल्यासाठी केलेली कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 प्रमाणे गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत हेच 92 होतं.

जुलैत मी पुण्याला जाऊन एक दिवसाचा पूर्ण कोर्स केला. फी साडेतीन हजार, प्रमाणपत्र दोन वर्षांचं. तिथे शॉकचं स्वयंचलित यंत्र हाताळायला मिळालं. ते पुढे काय करायचं ते बोलून सांगतं. आमच्या कॉलनीत असं एक घ्यावं म्हणून मी दर काढले, लाखाच्या आसपास जातात, शिवाय पॅड आणि बॅटरी मुदतीनुसार बदलाव्या लागतात. तेवढी वर्गणी अजून जमलेली नाही. तोवर ऑगस्टमध्ये भूलतज्ज्ञांना कॉलनीत बोलावून शिबिर घेतलं, साठेक माणसं आली. त्यात आत्याही होत्या. गुडघे दुखतात म्हणून बाहुली टेबलावर ठेवून त्यांनी दाबून बघितलं.

पुण्याच्या कोर्समध्ये एक गोष्ट नव्याने कळली, ती आमच्या गावासाठी फार महत्त्वाची आहे. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांच्या बाबतीत नुसतं छाती दाबणं पुरत नाही, कारण तिथे आधी प्राणवायू संपलेला असतो. शिकलेल्याने श्वासही द्यायचे, मोठ्या माणसाला तीस दाब आणि दोन श्वास. मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबायची. उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. आमच्याकडे कृष्णा आहे, विहिरी आहेत, आणि उन्हाळ्यात पोरं घाटावर पोहायला जातात. म्हणून पुढचं शिबिर परीक्षा संपल्याबरोबर, घाटावर पोहणं शिकवणाऱ्या मुलांसाठी ठेवायचं ठरवलं आहे. लहान मुलाच्या आकाराची बाहुली आणायला मॅडमना सांगून ठेवलं आहे.